प्रार्थना कीटकाची बरणी किती उंच हवी?

पावसाळ्यात ठाण्यातल्या किंवा नेरुळ-वाशीतल्या गॅलरीत, कुंडीतल्या झाडावर एखादा हिरवागार, बोटभर लांबीचा, अजून पंख न फुटलेला किडा दिसतो. पुढचे दोन पाय जोडलेले, डोकं त्रिकोणी, आणि आपण बाजूला सरकलो की मान वळवून आपल्याकडेच बघणारा. हा प्रार्थना कीटक. कुणी याला खंडोबाचा किडा म्हणतं, पाळणारे सरळ मँटिस म्हणतात. नाकतोडा वेगळा. नाकतोडा पाला खातो, हा नाकतोड्याला खातो. मग घरातल्या पोरांचा हट्ट सुरू होतो. फरसाणाची रिकामी बरणी निघते, तळाला कुंडीतली माती, मध्ये एक काडी, झाकणाला चार भोकं, आणि किडा आत. आठ-दहा दिवस सगळं छान चालतं. मग एका सकाळी तो तळाशी वाकडातिकडा होऊन पडलेला सापडतो.

बरणी लहान पडली, असं सगळे म्हणतात. पण बरणी पुष्कळदा पुरेशी असते. कमी पडते ती तिच्या आतली मोकळी उंची, आणि हा फरक समजला की मापाचा निम्मा प्रश्न सुटतो.

तिप्पट कशासाठी

पाळणाऱ्यांचा नियम साधा आहे: किड्याच्या लांबीच्या किमान तिप्पट उंची आणि किमान दुप्पट रुंदी. नियम पाठ सगळ्यांनाच असतो, पण त्यामागचं कारण माहीत नसल्यामुळे तो चुकीच्या जागी लावला जातो.

मँटिसला हिंडायला फारशी जागा लागत नाही. तो दबा धरून बसणारा शिकारी आहे. एकाच काडीला उलटा लटकून दिवस काढेल आणि भक्ष्य टप्प्यात आलं तरच हलेल. उंची लागते ती कात टाकण्यासाठी. कीटकाचा सांगाडा अंगाबाहेर असतो आणि ते कडक कवच ताणलं जात नाही. वाढायचं तर जुनं कवच फोडून बाहेर यायचं आणि आतलं नवं कवच मऊ आहे तोवर अंग फुगवून घ्यायचं. अंड्यातून निघाल्यापासून पंख फुटेपर्यंत मँटिस हे साधारण सहा ते नऊ वेळा करतो. मादी बहुतेक जातींत नरापेक्षा एकदा जास्त.

कात टाकताना काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. किडा छताला मागच्या आणि मधल्या पायांच्या नख्यांनी घट्ट पकडून उलटा लटकतो. छातीच्या पाठीवर कवच उभं फाटतं. त्या फटीतून आधी छाती आणि डोकं, मग पुढचे पाय, मग बाकीचे पाय असा तो खाली घसरत बाहेर येतो. जुनी कात वर छताला तशीच लटकलेली, आणि तिच्या खाली फक्त पोटाच्या टोकावर अडकलेला नवा, ओला, मेणासारखा मऊ किडा. पाय जरा ताठ होईपर्यंत तो असाच लोंबकळत राहतो, मग अंग वर वळवून स्वतःच्याच कातीला पकडतो आणि शेपटी सोडवून घेतो.

आता या लोंबकळण्याची बेरीज करू. वर जुन्या कातीची लांबी, खाली नव्या किड्याची. नवा किडा जुन्यापेक्षा मोठा असतो, पण किती? व्हिएन्नाचे प्राणिशास्त्रज्ञ हान्स प्शिब्राम यांनी १९१२ साली आफ्रिकेतल्या एका मँटिसची मापं घेऊन यासाठी एक आकडा मांडला होता: दर कातीला वजन साधारण दुप्पट होतं, आणि लांबी साधारण १.२६ पट. वजन दुप्पट झालं तर लांबी त्याच्या घनमुळाइतकी वाढणार, असा तो हिशोब. सगळ्या जाती या आकड्याला चिकटून चालतात असं नाही, पण बरणी निवडायला तो पुरतो.

समजा तुमचा मँटिस ६ सेंटिमीटरचा आहे. कात ६, नवा किडा सुमारे साडेसात, दोन्ही मिळून साडेतेरा. कात छताला चिकटलेली नसते, ती ताणलेल्या पायांवर लोंबते, त्याचे दोन सेंटिमीटर धरा. झाले साडेपंधरा. खाली लोंबणाऱ्या मिशा आणि पुढचे पाय कशाला टेकू नयेत म्हणून थोडी मोकळीक ठेवली की १८ होतात, म्हणजे बरोबर तिप्पट. हे झालं किमान माप. चौपट असेल तर अधिक बरं.

खाली जागा कमी पडली की मऊ डोकं किंवा पुढचे पाय जमिनीला टेकतात आणि टेकले तसे वाकतात. पुढच्या तासाभरात कवच धरू लागलं की तो बाक कायमचा होतो. पुढचा पाय वाकला तर शिकार पकडता येत नाही. पंख फुटायची शेवटची कात असेल तर पंख चुरगळलेल्या कागदासारखे राहतात आणि त्यानंतर दुसरी कात नाही, त्यामुळे दुरुस्तीही नाही. रुंदीचं गणितही यातलंच आहे. बाहेर पडताना पाय फाकतात, किडा हेलकावे खातो, तेव्हा त्याने भिंतीला आपटू नये म्हणून दुप्पट.

पट्टी कुठून कुठे लावायची

किड्याची लांबी डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत मोजायची. मिशा, पाय, पंख धरायचे नाहीत. हातात घेऊन मोजायचा खटाटोपही नको. तो बरणीच्या भिंतीवर बसला असताना बाहेरून पट्टी लावा.

घराची उंची मात्र बरणीवर छापलेली किंवा बाहेरून मोजलेली घ्यायची नाही. किडा जिथे खरोखर लटकतो तिथपासून, त्याच्या बरोबर खाली जी पहिली वस्तू येते तिथपर्यंत मोजायची.

सुरुवातीची फरसाणाची बरणी घेऊ. बाहेरून २० सेंटिमीटर, किडा ५ सेंटिमीटरचा, म्हणजे हवेत १५. वरवर पाहता बरणी ऐसपैस आहे. पण झाकण गुळगुळीत प्लास्टिकचं, कातीच्या वेळी नख्या रुतवायला तिथे काही नाही. म्हणून किडा काडीला लटकतो. काडी तिरकी, तिचं वरचं टोक तळापासून १३ सेंटिमीटरवर. तळाला ४ सेंटिमीटर माती. उरले ९. त्यात हौसेने ठेवलेला दगड किंवा प्लास्टिकचं झाड आलं की सहा-सात. हीच बरणी, माती काढून टिश्यू पेपर घातला आणि झाकणाला आतून जाळी बसवली, तर १८-१९ सेंटिमीटर मोकळी मिळते. नवीन काही विकत आणायची गरजच नाही.

काड्या ठेवू नयेत असं नाही. उभ्या किंवा तिरक्या, भिंतीला लागून ठेवा आणि छताच्या मधल्या भागाखालची जागा पूर्ण रिकामी सोडा.

वयाप्रमाणे घर

आपल्याकडे पाळण्यासाठी सर्वांत सोयीचा तो मोठा हिरवा मँटिस, हायरोड्युला. याची मादी आठ सेंटिमीटरच्या आसपास जाते. पुढची मापं त्याच्यासाठी.

अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू सेंटिमीटरभराचं. त्याला २५० ते ५०० मिलीलिटरचा, आठ-दहा सेंटिमीटर उंच पारदर्शक डबा बास आहे. दोनेक सेंटिमीटरचं झालं की अर्धा ते एक लिटर आणि दहा-बारा सेंटिमीटर उंची. तीन ते साडेचार सेंटिमीटरला दोन लिटरची उभी बरणी, मोकळी उंची १५ च्या वर, रुंदी १० च्या पुढे. शेवटच्या कातीआधी, म्हणजे पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगलेल्या दिसू लागल्या की, कंजुषी करू नका. २५ ते ३० सेंटिमीटर उंची आणि १५ ते २० रुंदी. इथे मोकळी जागा दोनदा कामी येते: आधी कात टाकताना आणि मग पंख फुलताना.

दर कातीला बरणी बदलायची नाही. आताच्या लांबीला नव्हे, पुढच्या कातीनंतरच्या लांबीला तिप्पट बसेल अशी एक घेतली की दोन काती निघतात.

क्रिओब्रॉटर, म्हणजे पंखांवर डोळ्यासारखा ठिपका असलेला छोटा फुलमँटिस, मोठा होऊनही साधारण चार सेंटिमीटरचा. त्याला १५ सेंटिमीटर उंचीची बरणी आयुष्यभर चालते. दक्षिण भारतातला काटकुळा व्हायोलिन मँटिस, गाँगिलस, याचं सगळंच उलटं. लांबी दहा सेंटिमीटरच्या घरात, ऊब भरपूर लागते, आणि उडतं भक्ष्य हवं. त्याला जाळीचा पिंजराच लागतो, चाळीस सेंटिमीटर उंचीच्या पुढचा, कारण माशीला उडायलाही जागा हवी. पहिलाच मँटिस पाळत असाल तर याच्या वाटेला जाऊ नये.

मोठं घर आणि उपाशी पिल्लू

मग सुरुवातीपासूनच दोन फुटी टाकी का घेऊ नये? कारण सेंटिमीटरभराच्या पिल्लाला ती टाकी म्हणजे शिवाजी पार्क. चिलटं वरच्या कोपऱ्यात, उजेडाकडे गोळा होतात, पिल्लू खाली पानाआड बसून राहतं, दोघांची गाठ पडत नाही. मँटिसला दोन डोळ्यांनी मिळून अंतर ओळखता येतं, कीटकांत ही मोठी चैन आहे, पण नजर कितीही तीक्ष्ण असली तरी झडप पायांच्या टप्प्यातच घालता येते. दोन-चार दिवस पिल्लाने काही खाल्लंय की नाही हे तुम्हालाही कळत नाही. ओलावा टिकत नाही. टाकीतलं रातकिड्याचं एखादं पिल्लू नजरेआड मोठं होतं आणि कातीच्या रात्री, किडा मऊ आणि हतबल असताना, त्यालाच कुरतडतं.

मोठं घर हवंच असेल तर त्यात लहान डबा ठेवा आणि भक्ष्य फक्त डब्यात सोडा.

उंचीलाही वरची मर्यादा आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. पूर्ण वाढलेल्या मादीचं पोट अंड्यांनी गच्च भरतं. तिला आता कात टाकायची नसते, म्हणजे तिप्पट उंचीचं मूळ कारणच संपलेलं असतं. अशी जड मादी दोन फुटांवरून कडक तळावर पडली तर पोट फुटू शकतं. तिला ३० सेंटिमीटरपेक्षा उंच घर नको. रुंदी थोडी जास्त आणि तळाला दोन-तीन सेंटिमीटर कोकोपीट, पडली तर मऊ पडेल.

बरणीचं झाकण

खरी कारागिरी इथे आहे. गोल झाकणाचा मधला भाग कटरने कापून काढा, कडेची फिरकी तेवढी ठेवा. बरणीच्या तोंडावर कापड ताणून घाला आणि वरून ही रिंग आवळा. कापड ढिलं राहिलं तर कातीच्या वेळी ते झोळीसारखं खाली येतं, आणि तेवढी उंची गेली.

कापड कोणतं? चिलटं खाणाऱ्या पिल्लांसाठी मलमल. मच्छरदाणीच्या भोकांतून चिलटं निसटतात आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या केळ्यांवर सापडतात. पिल्लू माशा खायला लागलं की मच्छरदाणीचं मऊ जाळं उत्तम, नख्या त्यात छान रुततात आणि हवाही खेळते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची जाळी नको, तिच्या कडेला नख्या आणि पावलं तुटतात. कापडी जाळीला धोका एकच, रातकिडे. ते जाळी कुरतडून भोक पाडतात, म्हणून रातकिडा चिमट्याने धरून भरवा, मोकळा सोडून झोपायला जाऊ नका.

पिल्लं गुळगुळीत प्लास्टिकवर सुद्धा चढतात, त्यावरून फसायला होतं. चढणं वेगळं आणि अर्धा-पाऊण तास सगळं वजन नख्यांवर तोलून धरणं वेगळं. झाकण कापायचं नसेल तर निदान आतून जाळीचा तुकडा ग्लू गनने चिकटवा. गोंद कडेला चार ठिपके, मध्ये नको, आणि तार निघून लोंबत नाही ना ते पाहा.

एक खिडकी बाजूलाही हवी. बरणीच्या भिंतीवर, तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर तीन-चार सेंटिमीटरचं गोल भोक आणि त्यावर जाळी. हवा खालून शिरते, वरून निघते. ही खिडकी जूनपर्यंत अनावश्यक वाटते, मग जुलै येतो.

आपली हवा

मँटिस पाळण्याची बरीच माहिती थंड देशांतली आहे. तिकडे हीटर लावा, दिवसातून दोनदा पाणी फवारा असं सांगतात. ते जसंच्या तसं खाडीकाठच्या गावात लावलं तर आठवड्यात बरणीत बुरशी येते. ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्यात हवेतच इतका दमटपणा असतो की फवारणी फक्त प्यायला पाणी म्हणून करायची: एक दिवसाआड, एका भिंतीवर चार थेंब. लहान पिल्लांच्या डब्यात मोठे थेंब नकोत, त्यात ती चिकटून बुडतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी होते, तेव्हा रोज संध्याकाळी हलकी फवारणी. कोरड्या हवेत जुनी कात आतून नीट सुटत नाही आणि पाय तिच्यातच अडकतात.

एसीच्या खोलीत वर्षभर हिवाळाच समजा. तिथे जाळीचा पूर्ण उघडा पिंजरा ठेवण्यापेक्षा प्लास्टिकची बरणी बरी, ओल टिकते. उलट पावसाळ्यात, एसी नसलेल्या घरात, जाळीचा पिंजरा बरा. मापासोबत भिंत कशाची हेही ठरवावं लागतं ते यामुळे.

स्लायडिंग खिडकीच्या कट्ट्यावर बरणी ठेवू नका. पश्चिमेचं ऊन अर्धा तास पडलं तरी लहान बंद बरणी भट्टी होते, आणि जितकी बरणी लहान तितकं हे लवकर. मुंग्यांसाठी बरणी पाणी घातलेल्या ताटलीत उलट्या वाटीवर ठेवा. कात टाकणारा किडा मुंग्यांना पळवून लावू शकत नाही.

आणि धूर. पावसाळ्यात महापालिकेची डासांची धूरफवारणी सोसायटीत येते तेव्हा खिडक्या बंद करून बरणी आतल्या खोलीत, ओल्या फडक्याखाली न्या. रात्री लावायचं डासांचं लिक्विड मशीन किंवा कॉइल त्याच खोलीत चालू असेल तर माप, जाळी, ओलावा सगळं व्यर्थ. ते औषध डासाइतकंच मँटिसलाही मारतं. घरातली झुरळं भरवू नयेत तीही याचसाठी: कुणाच्या ना कुणाच्या मोरीत औषध खाऊनच ती आलेली असतात. चिलटं मात्र फुकट मिळतात. बाटलीत पिकलेल्या केळ्याची साल दोन दिवस ठेवली की झालं.

येऊरच्या जंगलात किंवा कर्नाळ्याला फिरायला गेलात तर तिथून किडा उचलून आणू नका. एक राष्ट्रीय उद्यान, दुसरं अभयारण्य. तिथे हात लावायचा नाही, किड्यालाही नाही.

कातीचे दिवस

खाणं सोडलं, छताला लटकून हालचाल बंद, कळ्या फुगलेल्या, ही कात जवळ आल्याची खूण. हे एक दिवसही चालतं, मोठ्या पिल्लात आठवडाभरही. या काळात बरणीतलं प्रत्येक जिवंत भक्ष्य काढून टाका, बरणी हलवू नका, झाकण उघडू नका. किडा झाकणालाच लटकलेला असतो हे लोक विसरतात. बरणी बदलायची ती कातीनंतर, दोन-तीन दिवसांनी. खाणंही पूर्ण दिवस उलटल्यावरच द्यायचं, मऊ जबड्याने आणि मऊ पायांनी शिकार धरता येत नाही.

अर्ध्या कातीत तो खाली पडलाच तर ओढून कात काढायला जाऊ नका, पाय हातात येतो. हलक्या हाताने, कातीच्या टोकाला धरून त्याला पुन्हा डोकं खाली असं लटकवा, जाळीला टाचणी किंवा चिमटा लावून. बाजूला थोडं पाणी फवारा. कधी कधी तो सुटतो. एखादा मधला किंवा मागचा पाय गेला तरी पुढच्या एक-दोन कातींत तो लहानसा परत फुटतो, अर्थात काती शिल्लक असतील तर.

पूर्ण वाढलेली मादी नराशिवायही फेसाची अंडपिशवी घालते, बहुधा छताच्या कोपऱ्यात किंवा काडीवर. ती फलित असेल तर उष्णतेप्रमाणे महिना-दीड महिन्याने किंवा त्याहून उशिरा फुटते आणि हायरोड्युलाची शंभरावर पिल्लं एकदम बाहेर पडतात. ती पिशवी तळावर ठेवू नये. पिल्लं बारीक धाग्यावर लोंबकळत निघतात आणि तिथेच, लोंबकळतानाच, पहिलं पातळ आवरण टाकतात. म्हणून पिशवी झाकणाखाली बांधायची, खाली किमान पाच-सहा सेंटिमीटर मोकळे सोडून, आणि दुसऱ्या कातीच्या सुमारास वेगवेगळे डबे तयार ठेवायचे. भावंडं एकमेकांना खायला लागतात ती तेव्हाच.